घरचे इंटरनेट बंद पडते किंवा मंदावते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील शहरांत आणि आता अनेक लहान गावांतही घरचे इंटरनेट फायबरच्या तारेने येते, त्यामुळे पुढील उत्तरे तशीच जोडणी गृहीत धरून लिहिली आहेत. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्याआधीच सेटिंग बदलायला घेतल्याने साधी तक्रार अवघड होऊन बसते. म्हणून जवळजवळ प्रत्येक उत्तरात आधी तपासणी आणि मग उपाय असा क्रम ठेवला आहे. राऊटरचा पत्ता किंवा इतर आकडे प्रत्यक्ष टाइप करताना कीबोर्डवरील इंग्रजी अंक वापरावेत.

१. नेट बंद आहे. सुरुवात कुठून करावी?

सेवा देणाऱ्याच्या केंद्रापासून आपल्या मोबाइलपर्यंत जोडणीचे चार टप्पे असतात: बाहेरून येणारी फायबरची तार, ती तार जिच्यात येऊन संपते ती ओएनटी नावाची पेटी, राऊटर, आणि राऊटरपासून उपकरणापर्यंतचे वाय-फाय. अनेक घरांत ओएनटी आणि राऊटर एकाच डब्यात असतात आणि सगळे त्याला ‘मोडेम’ म्हणतात. प्रथम डब्यावरचे दिवे पाहावेत. त्यानंतर घरातील दुसऱ्या एखाद्या उपकरणावर नेट चालते का ते पाहावे. चालत असेल तर दोष पहिल्या उपकरणात आहे आणि राऊटरला हात लावण्याचे कारण नाही. शक्य असल्यास लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडून पाहावा. केबलवर नेट व्यवस्थित आणि वाय-फायवर बंद असेल तर दोष घराच्या आत आहे. केबलवरही बंद असेल तर तो डब्यात किंवा बाहेरच्या तारेत आहे.

२. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो आहे. याचा अर्थ काय?

त्या दिव्याखाली बहुधा ‘एलओएस’ अशी अक्षरे असतात आणि फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. पासवर्ड बदलून, मोबाइल पुन्हा जोडून किंवा प्लॅन वाढवून तो विझत नाही. ‘पॉन’ नावाचा शेजारचा दिवा स्थिर हिरवा असेल तर तार ठीक आहे आणि केंद्राने डबा ओळखला आहे. लाल दिवा बंद असून ‘पॉन’ मात्र सतत लुकलुकत असेल, तर प्रकाश येतो आहे, पण डब्याची केंद्राकडे नोंदणी होत नाही. हे काम सेवा देणाऱ्यालाच करावे लागते. तक्रार नोंदवताना ‘नेट बंद आहे’ असे मोघम न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असे सांगितल्यास लाइनमन योग्य साहित्य घेऊन येण्याची शक्यता वाढते.

३. लाल दिवा लागला असताना घरच्या घरी काही करता येते का?

एक गोष्ट करता येते आणि ती करून पाहण्यासारखी आहे. भिंतीवरच्या लहान पेटीपासून डब्यापर्यंत येणारी बारीक, बहुधा पिवळी किंवा पांढरी तार म्हणजे पॅच कॉर्ड. तिच्या आत केसाएवढा काचेचा तंतू असतो. टीव्हीचे कपाट भिंतीला सरकवताना ती चेपणे, झाडू-पोछा करताना ओढली जाणे किंवा जास्तीची तार घट्ट गुंडाळून रबर बँडने बांधून ठेवणे, ही घरातल्या बिघाडाची नेहमीची कारणे आहेत, कारण तीव्र वळणावर प्रकाश तंतूतून बाहेर निसटतो. तार सैल करावी, वळणे मोठी ठेवावीत आणि डब्यात खोचलेला हिरवा किंवा निळा कनेक्टर हलकेच दाबून ‘टक’ असा आवाज येतो का ते पाहावे.

कनेक्टर काढावा लागलाच तर त्याच्या टोकाला बोट लावू नये, कारण त्वचेचा तेलकटपणाही प्रकाश अडवतो. टोकात डोळा लावून पाहणे तर कटाक्षाने टाळावे. आतला लेझर प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. हिरवा कनेक्टर तिरप्या टोकाचा आणि निळा सरळ टोकाचा असतो, म्हणून बाजारातून आणलेली दुसऱ्या रंगाची कॉर्ड बसली तरी नीट चालत नाही. एवढे करूनही दिवा लालच राहिला, तर तार बाहेर कुठेतरी तुटली आहे. रस्त्याची खोदाई, फांद्यांची छाटणी, डक्टमधले उंदीर आणि कोकणात माकडे ही त्याची ठरलेली कारणे आहेत. तिथे स्प्लायसिंग यंत्राशिवाय, म्हणजे तुटलेला तंतू वितळवून जोडणाऱ्या यंत्राशिवाय, काही होत नाही.

४. राऊटर बंद करून चालू करणे आणि ‘रीसेट’ करणे यांत फरक काय?

हा फरक न कळल्याने जितके नुकसान होते तितके दुसऱ्या कशानेही होत नसेल. बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केल्यास राऊटरची तात्पुरती स्मृती रिकामी होते, सेटिंग मात्र तशीच राहतात. हा उपाय निर्धोक आहे. डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबली की सगळी सेटिंग पुसली जातात. त्यात वाय-फायचे नाव व पासवर्ड जातातच, शिवाय पीपीपीओई पद्धतीच्या, म्हणजे राऊटरने लॉगिन केल्यावरच सुरू होणाऱ्या, जोडणीत सेवा देणाऱ्याने भरलेले यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातील आपल्या मार्गिकेचा) क्रमांकही जातो. मग तासाभरात आपोआप सुरू झाले असते ते नेट तंत्रज्ञ येईपर्यंत बंद राहते. ही माहिती वहीत लिहून ठेवलेली असल्याशिवाय टाचणी उचलू नये.

५. सगळे दिवे हिरवे आहेत, वाय-फाय जोडलेले दिसते, तरी ‘इंटरनेट नाही’ असे येते. का?

वाय-फाय जोडले जाणे म्हणजे फक्त राऊटरपर्यंत पोहोचणे. राऊटर पुढे पोहोचला आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. आधी बिल भरले आहे का ते पाहावे. मुदत संपल्यावर अनेक कंपन्या तार चालूच ठेवतात आणि फक्त लॉगिन अडवतात, त्यामुळे दिवे हिरवेच दिसतात.

बिल भरलेले असेल तर मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता पाहावा. लॅपटॉपवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही आणि राऊटर बंद-चालू करणे हा योग्य उपाय आहे. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे नेहमीसारखा असेल, तर त्याच पानावर ‘गेटवे’ म्हणून दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राऊटरचे पान उघडावे आणि ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ पाहावे. तिथे पत्त्याच्या जागी शून्ये दिसत असतील तर लॉगिन होत नाही, तक्रार नोंदवावी.

तिथे पत्ता आहे आणि तरीही काहीच उघडत नाही, असे असेल तर संशय डीएनएसवर घ्यावा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी ही सेवा बंद पडली की बाकी सगळे शाबूत असूनही एकही पान उघडत नाही. राऊटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहावे. केवळ एका अँड्रॉइड मोबाइलवर हा त्रास असेल तर सेटिंगमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’ तपासावे. जाहिराती अडवण्यासाठी कधीतरी तिथे भरलेले नाव बंद पडलेले असते आणि ते भरल्याचे कुणाच्या लक्षातही नसते.

६. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, पण स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर जातच नाही. कंपनी फसवते आहे का?

बहुधा नाही. आकडा अगदी ९४ च्या आसपास येऊन अडत असेल तर तो घरातल्या केबलकडे बोट दाखवतो. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएससाठी त्यांतल्या चारच पुरतात, त्यापुढच्या वेगासाठी मात्र आठही लागतात. एखादी तार तुटली, क्लिप नीट बसली नाही किंवा तंत्रज्ञाने चारच तारा जोडून काम उरकले, की दोन्ही टोके गुपचूप १०० वर स्थिरावतात आणि त्यातून प्रत्यक्ष ९४-९५ हाती येतात. कॅट-५ई किंवा कॅट-६ ची तयार केबल लावून पाहावी. तरीही फरक पडला नाही तर राऊटरचे पोर्ट पाहावे; अनेक स्वस्त राऊटरांची पोर्टच १०० ची असतात.

डाउनलोड करताना दिसणारा आकडा कमी वाटण्याचे कारण वेगळे असते. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट ही कमाल मर्यादा आहे.

७. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसतात. कोणते वापरावे?

राऊटरच्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असाल तर ५, लांब असाल तर २.४. पाच गिगाहर्ट्झला वेग जास्त आणि गर्दी कमी असते, पण भिंती त्याला लवकर अडवतात. २.४ लांब पोहोचते. मात्र त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ अशी तीनच आहेत, आणि मोठ्या सोसायटीत पंधरा-वीस राऊटर ती वाटून घेतात. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. राऊटर ‘ऑटो’वर असूनही त्रास होत असेल तर या तिन्हींपैकी मोकळे चॅनेल निवडावे आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

पाच गिगाहर्ट्झचे नाव मधूनच गायब होते आणि मिनिटभराने परत येते, अशी तक्रार असेल तर राऊटर बिघडला आहे असे समजू नये. ५२ ते १४४ या क्रमांकांची चॅनेल रडारही वापरतात, आणि रडारसारखा संकेत जाणवला की राऊटरला ती सोडावी लागतात. ३६ ते ४८ यांपैकी चॅनेल ठरवून दिले की हा प्रकार थांबतो.

८. हॉलमध्ये पूर्ण रेंज आणि बेडरूममध्ये शून्य. महागडा राऊटर घेऊन फरक पडेल का?

पैसे खर्च करण्याआधी भिंती आणि जागा पाहाव्यात. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती वाय-फाय अडवतात हे सर्वांना ठाऊक असते; नव्या इमारतींचे मात्र लक्षात येत नाही. हल्ली अनेक टॉवरांत अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून आतल्या भिंतीही लोखंडी सळ्यांसह उभ्या करतात, आणि अशी एक भिंत विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त संकेत खाते. त्यातच बिल्डरने राऊटरसाठी दारामागे बसवलेली धातूची पेटी असते. तिचे झाकण लावून ‘रेंज नाही’ अशी तक्रार करणारे अनेकजण आहेत; राऊटर त्या पेटीबाहेर काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

राऊटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाट, आरशाचा वॉर्डरोब, फिश टँक आणि टीव्हीची मागची बाजू या जागा टाळाव्यात. तरीही अडचण राहिली तर दुसरा राऊटर केबलने जोडून ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरणे सर्वांत भरवशाचे ठरते. कसा जोडावा ते प्रश्न १३ मध्ये सांगितले आहे. केबल टाकता येत नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडले जाणाऱ्या राऊटरांचा संच, घ्यावे. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, आणि रेंजच नसलेल्या खोलीत तो ठेवला तर त्याचा काहीच उपयोग होत नाही; तो वाटेत, रेंज अजून चांगली असलेल्या ठिकाणी ठेवावा.

९. दिवसा ठीक असते, रात्री नऊनंतर मंदावते. असे का?

फायबर प्रत्येक घराला स्वतंत्र नसते. बहुतेक ठिकाणी केंद्रातून निघालेला एक तंतू स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो, आणि त्या सर्वांनी मिळून सुमारे २.५ गिगाबिट क्षमता वापरायची असते. तरीही अडचण बहुधा तिथे नसून स्थानिक ऑपरेटरने पुढे विकत घेतलेल्या बँडविड्थमध्ये असते. लॅपटॉप केबलने जोडून सकाळी आणि रात्री, काही दिवस, स्पीड टेस्टची चित्रे जपून ठेवावीत. वाय-फायवर घेतलेली चाचणी पुरावा म्हणून कुणी मान्य करत नाही.

मंदी महिन्याच्या शेवटीच येत असेल तर एफयूपी, म्हणजे पूर्ण वेगाने मिळणारा ठरावीक डेटा, संपले आहे का ते पाहावे. भारतात २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग लागतो, आणि डेटा संपल्यावर बरेच प्लॅन तिथेच येऊन ठेपतात.

१०. स्पीड टेस्ट उत्तम येते, तरी ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज तुटतो. दोष कुठे आहे?

मीटिंगला मोठा वेग लागत नाही. डेटाची लहान लहान पाकिटे वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे असते. घरातल्या कुणाच्या मोबाइलवरून लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढत असतील तर अपलोडची वाट भरून जाते, राऊटरमध्ये रांग लागते आणि आपला आवाज त्या रांगेत अडकतो. स्पीड टेस्ट चालू असताना ‘पिंग’चा आकडा किती वाढतो ते पाहावे, २० मिलिसेकंदांवरून तो काही शेंवर गेला तर कारण हेच आहे. बॅकअप रात्रीवर टाकावा, आणि राऊटरमध्ये ‘क्यूओएस’ (कोणत्या वापराला किती वाट द्यायची हे ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी.

ऑफिसचे व्हीपीएन (दुसऱ्या जाळ्यातून नेणारी सुरक्षित जोडणी) लावल्यावरच काही पाने अर्धवट उघडत असतील तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, तपासावा. पीपीपीओईच्या जोडणीत तो १५०० ऐवजी १४९२ असतो आणि व्हीपीएनसाठी आणखी कमी करावा लागतो. ऑफिसच्या आयटी विभागाला हा आकडा सांगितल्यास त्यांचे काम सोपे होते.

११. वीज गेली की नेट जाते, आणि कधी कधी वीज असतानाही राऊटर आपोआप बंद-चालू होतो. उपाय काय?

या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. वीज जाण्यासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. ओएनटी आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना आधार द्यावा लागतो, आणि व्होल्ट अगदी जुळणे आवश्यक असते. काही राऊटर ९ किंवा ५ व्होल्टवर चालतात. घरात सगळे चालू राहूनही नेट जात असेल तर इमारतीच्या गच्चीवरचा स्विच (घराघरांत नेट वाटणारे ऑपरेटरचे उपकरण) बंद पडतो आहे, आणि त्याला बॅटरी बसवण्याचा आग्रह सोसायटीने ऑपरेटरकडे धरायला हवा.

वीज असतानाही डबा स्वतःहून बंद-चालू होत असेल तर राऊटर फेकण्याआधी अॅडॅप्टर बदलून पाहावा. वर्षानुवर्षे चोवीस तास तापून त्यातले कपॅसिटर थकतात. दिवे लागतात, पण भार वाढला की व्होल्टेज कोसळते. नवा अॅडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत.

१२. फायबर तर काचेचे असते, मग वळिवाच्या विजांत राऊटर का जळतो?

काचेतून वीज वाहत नाही हे खरे, पण विजेचा धक्का राऊटरला इतर वाटांनी पोहोचतो: अॅडॅप्टरमधून, आणि गच्चीवरच्या स्विचपासून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल आली असेल तर त्या केबलमधून. खांबांवरून ओढलेल्या फायबरला आधारासाठी पोलादी तारही असते. एप्रिल-मे महिन्यांत कडकडाट सुरू झाला की अॅडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवावीत. वीज डोक्यावर आलेली असताना मात्र तारांना हात लावायला जाऊ नये.

१३. जुना राऊटर नव्याला जोडला आणि दोन्ही बंद पडल्यासारखे झाले. काय चुकले?

बहुधा दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि दोघेही घरातल्या उपकरणांना पत्ते वाटत आहेत. जुन्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे आणि केबल त्याच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये न लावता ‘लॅन’ पोर्टमध्ये लावावी. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सेटिंग, मग केबल.

१४. वाय-फायचा बल्ब किंवा कॅमेरा जोडला जात नाही. जोडला गेला तर बाहेरगावाहून दिसत नाही.

अशी बरीच उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, म्हणून जोडताना ५ गिगाहर्ट्झ तात्पुरते बंद करावे. राऊटरमध्ये वाय-फायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर असेल तर ती डब्ल्यूपीए-२ आणि ३ अशा मिश्र पर्यायावर आणावी.

बाहेरून न दिसण्याचे कारण वेगळे आहे. राऊटरच्या ‘वॅन’ पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या उपकरणाकडे वळवण्याची सेटिंग) कितीही नीट केले तरी चालणार नाही. स्थिर आयपी विकत घ्यावा किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउडमार्फत चालणारा कॅमेरा वापरावा.

१५. बाकी सगळे चालते, एकच संकेतस्थळ उघडत नाही. असे का?

मोबाइल डेटावर तेच उघडून पाहावे. तिथेही उघडत नसेल तर दोष संकेतस्थळाचा आहे. फक्त घरच्या जोडणीवर उघडत नसेल तर प्रश्न ५ मधील डीएनएसचा उपाय करावा. लॅपटॉपवर ‘सर्टिफिकेट’ची चूक दाखवत असेल तर आधी तारीख आणि वेळ पाहावी, जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करावे, कारण काही सरकारी संकेतस्थळे परदेशी पत्त्यांवरून उघडत नाहीत. परदेशात राहणाऱ्यांना सातबारा किंवा कराची पावती काढताना हाच अडथळा येऊ शकतो.

१६. आई-वडील गावी असतात. त्यांचे नेट बंद पडले की फोनवरून काय सांगावे?

पुढच्या भेटीतच तयारी करून ठेवावी. प्रत्येक दिव्याखाली आणि प्रत्येक अॅडॅप्टरवर मोठ्या मराठी अक्षरांत कागद चिकटवावा: ‘फायबर’, ‘इंटरनेट’, ‘राऊटरची पिन’. रीसेटच्या छिद्रावर चिकटपट्टी लावावी. कारण प्रश्न ४ मध्ये दिले आहे. नेट गेले की त्यांनी मोबाइल डेटा चालू करून दिव्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवावा, कारण दिवा स्थिर आहे की लुकलुकतो हे फोटोत कळत नाही. ग्राहक क्रमांक आणि स्थानिक लाइनमनचा नंबर डब्यावरच लिहून ठेवावा. ‘बाबा, वाय-फायची सेटिंग उघडा’ असे फोनवर सांगत बसण्यापेक्षा ‘फायबरखालचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?’ हा एकच प्रश्न अर्धे काम करतो.

१७. तक्रार करूनही कुणी येत नाही, किंवा येऊन ‘लाइन ओके आहे’ म्हणून निघून जातात. पुढे काय करावे?

तोंडी किंवा लाइनमनच्या व्हॉट्सअॅपवर केलेली तक्रार कुठेच नोंदली जात नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा. ‘लाइन ओके’ म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला डब्यापाशी येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून दाखवायला सांगावे. हा आकडा ओएनटीच्या पानावरही ‘आरएक्स पॉवर’ म्हणून दिसतो. तो उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) यांच्या दरम्यान असावा लागतो, आणि उणे २५ च्या पुढे गेला की पावसात किंवा उन्हात जोडणी तुटू लागते. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात घेतल्यास उणे २० चा आकडा उणे २६ झाल्यावर केवळ चौथा हिस्सा उरतो.

ठरलेल्या मुदतीत निवारण झाले नाही तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. त्यापुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्जासोबत डॉकेट क्रमांक, प्रश्न ९ मधील चाचण्यांची चित्रे, आरएक्स पॉवरचा फोटो आणि नेट बंद असलेल्या तारखांची यादी जोडावी.